टेरिटी बाजारची चिनी न्याहारी: साडेआठची टूर घेऊ नका

रविवारी सकाळी साडेआठला कोलकात्याच्या जुन्या चिनी वस्तीत, टेरिटी बाजारात, चिनी न्याहारीला नेतो असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका. साडेआठला तिथे न्याहारी उरलेली नसते. पहाटे साडेपाच-सहाला सुरू होते, सात-सव्वासातपर्यंत जोरात असते आणि आठच्या सुमाराला आवराआवर. तिथल्या कुठल्याही भाजीवाल्याला हे ठाऊक आहे, म्हणजे टूर चालवणाऱ्याला असणारच. तोंडावर विचारलं तर उत्तर आलं, ‘‘लोक इतक्या लवकर उठत नाहीत, मॅडम.’’ मग तसं आधी सांगा ना!

आम्ही दोघी बहिणींनी माणशी तीन हजार भरले होते. चार तासांत पाच स्थलांतरित समाजांच्या चवी, असा वायदा होता. आमच्या वाट्याला काय आलं ते लिहिते, म्हणजे पुढच्यांना हिशेब कळेल. एका प्लेटमधले सुई माई (मांसाचं सारण भरलेले, वाफवलेले छोटे गोळे) चौघांत, म्हणजे माणशी एक, तोही गार. दोन मोमो, जे कोलकात्यात कुठल्याही नाक्यावर मिळतात. एक चहा. केकचा बोटभर तुकडा. शेवटी ‘अवधी समाज’ म्हणून दोघींत मिळून अर्धी प्लेट बिर्याणी. लखनौचं राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह 1856 मध्ये इकडे आला आणि कोलकात्याच्या बिर्याणीतला बटाटा त्याच्या दरबाराशी जोडला जातो, हे सगळं खरं. पण त्याचं मेटियाब्रुज इथून कितीतरी लांब, गार्डन रीचकडे आहे. ज्यू आणि आर्मेनियन या दोन चवींच्या नावाखाली दोन बंद फाटकं बाहेरून दाखवली. चौदा जणांचा घोळका, रस्त्यावरच्या आवाजात मागच्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. माणशी तीनशे रुपयांचंही खाणं झालं नसेल.

सगळ्यात वाईट टप्पा म्हणजे टूंग ऑन चर्चकडे जाणारी ब्लॅकबर्न लेन. इथल्या चिनी देवळांना सगळे चर्चच म्हणतात. टूंग ऑन वर आहे आणि खालच्या मजल्यावर 1920च्या दशकापासून नानकिंग हे गाजलेलं रेस्टॉरंट होतं. इमारत देखणी आहे, पण तिथवर कचऱ्याच्या ढिगाला वळसा घालून जावं लागतं. रस्त्यावर मासळीचं पाणी, हातगाड्या, शिवाय डुकरं आणि कुत्री. आमच्या गटातल्या एक काकू सपाता घालून आल्या होत्या, त्या घसरून पडल्या. कपड्यांचं जे झालं ते झालं, गुडघाही फुटला. टूरवाल्याकडे पट्टी नव्हती, पाणी नव्हतं, आणि पादत्राणांबद्दल आधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. बंद, पकड असलेले बूट घाला. चार तासांत स्वच्छतागृहाचा थांबाही नव्हता. हॉटेलवरून उरकूनच निघा.

मी इतकी चिडले होते की परतीची तिकिटं पुढे ढकलली आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघीच गेलो. मधले दिवस बेलूर, दक्षिणेश्वर, नेहमीचंच. त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

पहाटे पाचला टॅक्सी सांगून ठेवा. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, न्याहारीसाठी तिचा काही उपयोग नाही. चालकाला ‘टिरेटा’ हे बाजाराचं जुनं नाव सांगितलं तर तो बघत राहतो. ‘टेरिटी बाजार, पोद्दार कोर्टाच्या मागे’ असं सांगा. लालबाजारचं पोलीस मुख्यालय जवळच आहे, त्यामुळे अंधारातही भीती वाटण्यासारखं काही नाही. सव्वासहाच्या आत सन यात सेन स्ट्रीटवर उभ्या असलात म्हणजे जिंकलात.

पोहोचल्यावर पहिल्या स्टॉलवर तुटून पडू नका. आता निम्म्याहून जास्त ठेले मोमो, पुरी-सब्जी असलं विकतात आणि विकणारे चिनी नसतात. आधी रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून या आणि म्हाताऱ्या चिनी बायका-पुरुष कुठे बसलेत ते हेरून ठेवा. आम्हाला एक आजी सापडल्या. पुढ्यात मोदकपात्रासारखा मोठा ॲल्युमिनियमचा डबा, झाकणावर ओलं फडकं. त्या झाकण पूर्ण उघडतच नव्हत्या. वीतभर कलतं करून आत चिमटा घालायच्या, बाओ, म्हणजे सारण भरलेला वाफवलेला पाव, काढायच्या आणि बुडाला चिकटलेला कागद सोलून मगच हातात द्यायच्या. आतलं डुकराचं सारण किंचित गोड, रस मनगटापर्यंत ओघळला. त्या एका बाओपुढे आदल्या रविवारचे तीन हजार फुकट गेले असं मी तिथेच मोठ्याने म्हणाले.

माशांच्या गोळ्यांचं सूप सगळ्यात आधी घ्या, कारण ते सगळ्यात आधी संपतं. उकळत्या पातेल्यातून जाळीच्या डावाने गोळे काढतात, वर पातीचा कांदा आणि पांढरी मिरपूड. मग सुई माई, मग चिनी सॉसेज, शेवटी तिळात घोळवून तळलेले गोड गोळे. दोघींनी पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी पाचशेची नोट मोडून पैसे परत आले. सुटे पैसे जवळ ठेवा, भाव आधी विचारा, हिंदी सगळ्यांना येतं. फोटो काढायच्या आधी मात्र विचारा. कॅमेरे नाकापुढे नाचवणाऱ्यांना ही माणसं विटलेली आहेत, आणि ते रास्तच आहे. शाकाहारी असाल तर स्पष्ट सांगते, यासाठी पहाटे उठू नका. इथे डुक्कर आणि मासे हाच जीव आहे.

या लोकांबद्दल थोडं वाचून जा, कारण टूरवाल्याने सगळ्यांना ‘चायनीज’ या एका माळेत ओवलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अच्यू नावाच्या व्यापाऱ्याने बजबजजवळ साखरेचा कारखाना काढला; त्याच्याच नावावरून त्या गावाला अचिपूर म्हणतात. नंतर आलेल्या चिनी गटांपैकी कँटोनीज बहुतेक सुतारकामात, हक्का चामड्यात आणि चपलांच्या धंद्यात, हुबेई प्रांतातले दात बसवण्यात. 1962च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार भारतीय चिन्यांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं, त्यात म्हातारेकोतारे आणि लहान मुलंही होती. सुटल्यावर कित्येक कुटुंबं कॅनडाला वगैरे निघून गेली. न्याहारीचे ठेले का कमी झाले याचं कारण तिथून सुरू होतं, आणि टूरच्या चार तासांत त्याचा उल्लेखसुद्धा झाला नाही. याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आला.

खाऊन झालं की छातावाला गल्लीतलं सी इप चर्च बघा, 1905चं आहे, शांत आहे. पाऊ चाँगचा हिरव्या मिरचीचा सॉस दिसला तर घ्या. 1958 पासूनची कोलकात्याचीच कंपनी. बाटली कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, विमानात हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत.

तिथून बो बॅरॅक्स चालत दहा मिनिटांवर. लाल विटांच्या इमारती पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधल्या, नंतर तिथे अँग्लो-इंडियन कुटुंबं राहायला आली. नाताळ सोडून इतर वेळी इथे खायला फारसं मिळत नाही, तेव्हा अपेक्षा ठेवू नका. अपवाद बरुआ बेकरीचा: छेना केक घ्या, तुकडा नव्हे, अख्खा घ्या. पारशी जेवण हवं असेल तर बो स्ट्रीटवरच्या पारशी धर्मशाळेत आधी फोन करून सांगावं लागतं. आयत्या वेळी गेलात तर उपाशी परत याल.

ज्यूंची चव चाखायची तर न्यू मार्केटमधलं नाहूम. बगदादी ज्यू कुटुंबाने 1902 मध्ये सुरू केलेली बेकरी. रविवारच्या धावपळीत कोंबू नका, दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी सकाळी जा. फ्रूट केकचं सगळे कौतुक करतात. माझं मत चीज समोशाला. 1884चं मागेन डेव्हिड सिनेगॉग आतून बघाच, ओळखपत्र सोबत ठेवा. 1724चं आर्मेनियन चर्च बघायला सुंदर, पण त्या समाजाचं जेवण आता विकत मिळत नाही म्हटलं तरी चालेल. पडवळाएवढ्या लांब नसलेल्या, छोट्या परवरात सारण भरून केलेली दोर्मा हा त्यांच्या दोल्म्याचा, म्हणजे सारण भरलेल्या भाज्यांचा, वारसा मानतात. ती बंगाली खानावळीत खा.

टँग्रा, म्हणजे कोलकात्यातली दुसरी चिनी वस्ती, संध्याकाळसाठी ठेवा. तिथे हक्कांच्या चामड्याच्या कारखान्यांची वस्ती होती. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते हलवायला सांगितलं, धंदा शहराबाहेर बानतलाकडे गेला आणि रेस्टॉरंटं राहिली. ही न्याहारीची घरगुती चव नव्हे. हे झणझणीत, सॉसमध्ये न्हालेलं भारतीय चिनी आहे आणि मला ते भयंकर आवडतं. 1975 मध्ये मुंबईत चिकन मंचुरियन आणल्याचं श्रेय ज्यांना देतात, ते नेल्सन वाँगही मूळचे कोलकात्याचेच. चिली चिकन, हक्का नूडल्स आणि एखादी पोर्क डिश दोघांना पुरून उरते, तिसरी मागवायच्या आधी टेबलावर बघा. आतल्या गल्ल्यांत रात्री गाडी पटकन मिळत नाही. आम्ही पाऊण तास रस्त्यावर उभ्या होतो, आणि एका रिकाम्या टॅक्सीवाल्याने मीटर न टाकता चारपट भाडं मागितलं. बिल मागवतानाच ॲपवरून गाडी बोलवा आणि ती दारात आल्यावरच बाहेर पडा.