ईस्टर आणि 31 मार्च

2024 साली ईस्टर नेमका 31 मार्चला आला. तो आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, बँकवाल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. रविवार असूनही, सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांनी त्या दिवशी शाखा उघड्या ठेवाव्यात असं रिझर्व्ह बँकेने कळवलं होतं. मी तेव्हा नगरच्या एका शाखेत कर्जविभाग बघत होते. पहाटेची पुनरुत्थानाची उपासना संपली, तशी चहालाही न थांबता निघाले. नर्स आणि पोलीस यांचे किती ईस्टर ड्युटीवरच जातात, त्यामुळे त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. खरी ओढाताण दुपारी सुरू झाली.

एका छोट्या कारखानदाराचा 1 जानेवारीचा हप्ता थकला होता. 90 दिवस त्याच दिवशी भरत होते. रात्री डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद झाला की सिस्टीम खातं आपोआप एनपीएमध्ये, म्हणजे 90 दिवस थकलेल्या कर्जांत, टाकणार आणि शाखेचा वर्षाचा आकडा बिघडणार. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कारखानदाराच्या पत्नीच्या नावावर नवं कर्ज दाखवायचं, त्या पैशांतून जुना हप्ता भरायचा. सह्या झालेल्या होत्या. मी फक्त एंट्री ऑथोराइझ करायची, म्हणजे मंजुरी द्यायची.

मी नाही म्हटलं. साहेब म्हणाले, "मॅडम, मार्चमध्ये सगळीकडे हेच चालतं. आणि तुमच्या धर्मात तर दया सांगितलीय ना? माणूस बुडतोय."

हे मात्र मला लागलं. माणूस खरंच प्रामाणिक होता, ऑर्डरी बंद झाल्याने अडकला होता. मी त्याच्या पत्नीला फोन लावला. आपण कशावर सही केली हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "बँकेचं काम आहे" एवढंच घरी सांगितलेलं. म्हणजे एकाचं ओझं उचलून न विचारता दुसरीच्या डोक्यावर ठेवायचं, आणि त्याला दया म्हणायचं! मला बायबलमधला जक्कय आठवला. प्रभू त्या जकातदाराच्या घरी उतरला, आणि तिथेच जक्कय उभा राहून म्हणाला की कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करीन. दया झाली म्हणून त्याचा हिशेब सुटला नाही, उलट तो खरा झाला.

जिन्यात जाऊन प्रार्थना केली. धैर्य मागितलं, साहेबांविषयी मनात कडवटपणा राहू नये असंही मागितलं. मुलीची दहावी तोंडावर होती, बदलीची भीती खरी होती. मग केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "साहेब, ही एंट्री माझ्याकडून होणार नाही. खातं एनपीए झालं तर कारणं मी लेखी देते." ते बरंच बोलले. मी ऐकून घेतलं.

रात्री खातं एनपीए झालं.

मंगळवारी पती-पत्नी दोघं शाखेत आले. त्या बाईंनी आधी सह्यांचे कागद परत मागितले, ते मी दिले. मग बसून सगळी थकबाकी मांडली. पूर्ण भरली तरच खातं नियमित होईल, हे स्पष्ट सांगितलं. बंद पडलेलं लेथ मशीन विकून पावसाळ्यात त्यांनी ती भरली. माझी बदली तोवर झाली होती, मुलीला नगरलाच ठेवावं लागलं. त्यांना मात्र सिबिलवरची, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासातली, ती नोंद अजून नडते, नवं कर्ज मिळायला त्रास होतो. माझ्या रोजच्या प्रार्थनेत त्यांचं घर असतं, साहेबांचंही.