ऑन्टारियोतली मॅन्युअल ऑस्टिओपॅथी : माझा अनुभव

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या मिसिसागा शहरात आमच्या मराठी गोतावळ्यात कुणाची कंबर धरली की हल्ली मला फोन येतो. "तू त्या ऑस्टिओपॅथीला गेली होतीस ना? काय करतात गं तिथे? हाडं मोडतात का?" मॅन्युअल ऑस्टिओपॅथी म्हणजे औषधं न देता, हाताने सांधे-स्नायू हलवून, दाबून करायचा उपचार. प्रत्येकीला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

माझं दुखणं बर्फाचं. ओला, जड बर्फ फावड्यात घ्यायचा आणि कंबरेतून वळून बाजूला फेकायचा, या एका हालचालीने इथे दर हिवाळ्यात कितीतरी जण आडवे होतात. आई फोनवर म्हणाली, "उसण भरलीय. एखादा पायाळू शोध आणि पाठीला पाय लावून घे." आमच्या गावी आजही लोक आधी तेच करतात. मी आधी फॅमिली डॉक्टरकडे गेले, आणि तुम्हीही आधी तिथेच जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय का, बसायच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का, पायातली ताकद गेलीय का, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. यातलं काहीही असेल तर कुणाच्याही टेबलावर झोपायचं नाही, तडक इमर्जन्सी गाठायची. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग हेही त्यांनी विचारून घेतलं. माझ्यात तसं काही नव्हतं. मग एमआरआयची गरज नाही, हिंडतं-फिरतं राहा, अशी कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते, असं त्यांनी सांगितलं.

दुखणं उतरलं, पण पूर्ण गेलं नाही. खुर्चीतून उठताना उजव्या बाजूला चमक यायचीच. ओहिप, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, कायरोप्रॅक्टिकचे, म्हणजे मणक्याला हाताने झटके देऊन करतात त्या उपचाराचे, पैसे २००४ पासून देत नाही. दवाखान्यातली फिजिओथेरपीही मुख्यतः ६५ आणि त्यावरच्यांना, १९ पर्यंतच्यांना, रुग्णालयातून नुकतंच सुटलेल्यांना आणि सरकारी मदतीवर असलेल्यांना मिळते. बाकीच्यांची भिस्त नोकरीतल्या विम्यावर. माझ्या विम्यात फिजिओचे पैसे नवऱ्या-मुलांमध्ये आधीच संपले होते आणि ऑस्टिओपॅथीची रक्कम तशीच पडून होती. कितीतरी जण याच कारणाने तिकडे वळतात.

जाण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरने ही पद्धत १८७४ मध्ये मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावी तिची पहिली शाळा काढली. त्या परंपरेतले आजचे अमेरिकन डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथीची वैद्यकीय पदवी घेतलेले, पूर्ण डॉक्टर असतात. ते औषधं लिहून देतात, शस्त्रक्रियाही करतात. न्यू जर्सीतल्या माझ्या नणंदेचा फॅमिली डॉक्टर डी.ओ. आहे. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची नोंदणी सक्तीची झाली. ऑन्टारियोत मात्र हाताने उपचार करणारे हे लोक डॉक्टर नसतात, आणि नर्स किंवा फिजिओंवर देखरेख करणारं जसं वैधानिक मंडळ आहे तसं यांच्यावर नाही. त्यांच्या खासगी संघटना आहेत आणि प्रत्येकीचे निकष वेगळे. म्हणून मी फोनवरच विचारलं : शिक्षण कुठे झालं, किती वर्षांचं, प्रत्यक्ष रुग्णांवर किती सराव केला, व्यावसायिक दायित्व विमा आहे का? एका ठिकाणी या प्रश्नांवर आवाज चढला, तिथे मी गेले नाही. जिच्याकडे गेले, तिने सगळं शांतपणे सांगितलं.

आता "हाडं मोडतात का?" मणक्याला झटका देऊन कडकन आवाज काढणं आणि रुग्णाला रोगाचं निदान सांगणं, या दोन्ही गोष्टी ऑन्टारियोच्या कायद्याने ठरावीक नोंदणीकृत व्यवसायांसाठी राखून ठेवल्या आहेत. मॅन्युअल ऑस्टिओपॅथ त्यांत येत नाहीत. माझ्या थेरपिस्टने सुरुवातीलाच सांगितलं, "तुझ्या कुठल्या हालचाली अडतात ते मी सांगेन, आजाराचं नाव सांगणार नाही. आणि मानेला झटका देणार नाही." हे ऐकून माझी निम्मी धास्ती गेली. तुमच्याकडे कुणी न विचारता मान पिरगळायला लागलं तर तिथेच थांबवा. मानेच्या झटक्याने रक्तवाहिनीला इजा होणं दुर्मिळ आहे, पण होतं तेव्हा गंभीर असतं.

पहिल्या भेटीतला मोठा भाग प्रश्नांचा होता. सिझेरियन झालंय का, लहानपणी कधी पडलीस का, हाडं ठिसूळ झाल्याचं कुणी सांगितलंय का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का, झोप कशी लागते, दिवसाचे किती तास बसून जातात. कंबरेसाठी आलेल्या बाईला ही एवढं का विचारतेय, असं वाटू शकतं. पण ठिसूळ हाडं किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर हाताचा जोर आणि तंत्र दोन्ही बदलावी लागतात. काही लपवू नका.

कपडे सैल आणि ताणता येणारे घालून जा. मी लेगिंग आणि टी-शर्टवर होते, ते चाललं. तिने मला उभं करून मागून, बाजूने न्याहाळलं, पुढे वाकायला लावलं, एका पायावर उभं केलं. मग टेबलावर झोपवून बोटांनी पाठ, बरगड्या, खुबे चाचपले. माझी कंबर दुखत होती, पण उजवा खुबा आतल्या बाजूला वळतच नव्हता आणि खालच्या बरगड्या श्वासाबरोबर जेमतेम हलत होत्या. हे तिने मला माझ्याच हाताने तपासून दाखवलं.

उपचार म्हणाल तर इतका सावकाश की सुरुवातीला मला शंका आली. तिने पाय हातात घेऊन खुब्यातून हळूहळू गोल फिरवला. मग गुडघा तिच्या हातावर अगदी थोड्या जोराने दाबायला सांगितलं, पाचेक सेकंदांनी "सोड" म्हणाली, आणि सैल पडलेला पाय जरा पुढे नेला. असं तीन-चारदा झाल्यावर खुबा खरंच जास्त वळू लागला. एका दुखऱ्या गाठीवर बोट ठेवून तिने मला अशा काही तिरक्या अवस्थेत धरलं की गाठ दुखायचीच थांबली, आणि दीड मिनिट तसंच धरून ठेवलं. शेवटी बरगड्यांखाली हात ठेवून माझ्या श्वासाच्या लयीत हलका दाब दिला. गावाकडे अंग रगडून घेण्याची सवय असलेल्यांना हे काहीच न केल्यासारखं वाटेल.

इथे मला आपल्या लोकांना कळकळीने एक सांगायचंय. आपण टेबलावर झोपलो की गप्प बसतो. दुखलं तरी "चालेल, चालेल" म्हणतो, समोरचा जाणकार आहे, त्याला कशाला टोकायचं! या उपचारात ते घातक आहे, कारण पुढचा दाब किती द्यायचा हे तिला तुमच्या बोलण्यावरूनच कळतं. आणि हात जांघेजवळ, माकडहाडाशी, छातीच्या बरगड्यांवर जाऊ शकतो. माझ्या थेरपिस्टने अशा प्रत्येक जागी आधी कारण सांगितलं, विचारलं, मग हात ठेवला. एकदा मी "आज पोटावर नको" म्हटलं, तिने लगेच मान्य केलं. न विचारता कुणी हात लावत असेल तर उठून निघून या. सोबत नवरा, बहीण, मैत्रीण कुणालाही नेता येतं.

डोक्याची हाडं हलकेच धरून करायच्या उपचाराबद्दलही तिने विचारलं, मी नाही म्हटलं. त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही, आणि माझी तक्रार कंबरेची होती. तसं पाहिलं तर कंबरेच्या बाबतीतही अवास्तव आशा नको. फ्रान्समध्ये बरेच आठवडे रेंगाळलेल्या किंवा जुनाट कंबरदुखीच्या ४०० जणांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये छापून आली. खऱ्या उपचाराने हालचालींमध्ये नुसत्या हलक्या स्पर्शापेक्षा किंचित जास्त फरक पडला, पण तो रोजच्या जगण्यात जाणवावा एवढा नव्हता, आणि वेदनेत तर दोन्ही गटांत फरकच दिसला नाही. माझी चमक गेली ती उपचाराने, काळाने की व्यायामाने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझ्या मते तिघांचा वाटा आहे, आणि व्यायामाचा सर्वात मोठा.

पहिल्या भेटीनंतर दुसऱ्या दिवशी अंग चांगलंच ठणकलं. हे तिने आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरले नाही. एक-दोन दिवस असं ठणकणं, पेंगुळणं होऊ शकतं. तीन-चार दिवसांत ओसरलं नाही किंवा पायात नव्याने मुंग्या आल्या तर डॉक्टरांना फोन करायचा. घरी तिने मार्जारासन, खुब्याचे दोन व्यायाम आणि रोजचं चालणं दिलं. पुढच्या भेटींत टेबलावरचा वेळ कमी आणि व्यायाम सुधारण्याचा वेळ जास्त होत गेला. विम्याची रक्कम शिल्लक असतानाच ती म्हणाली, "आता यायची गरज नाही, पुन्हा अडलं तर फोन कर." वर्षभराचं पॅकेज आगाऊ विकू पाहणाऱ्यांपासून दूर राहा, असं मी मैत्रिणींना सांगते ते यामुळेच.

पैशांचं म्हणाल तर पहिली भेट शंभर डॉलरच्या वर गेली, नंतरच्या जरा कमी. अपॉइंटमेंट घेण्याआधी विमा कंपनीला फोन करून त्या व्यक्तीची संघटना त्यांच्या यादीत आहे का ते विचारा. यादीत नसेल तर पावती असूनही दावा नाकारतात. पावतीवर थेरपिस्टचं पूर्ण नाव, संघटनेचा सदस्य क्रमांक आणि भेटीची तारीख आहे ना, हे तिथेच उभं राहून बघून घ्या.