आज जरा गप्पच आहे

ज्या घरात मांजर किंवा कुत्रा आहे, त्या घरात अधूनमधून एक बैठक भरते. विषय एकच: 'आज हा जरा गप्पच आहे.' आमच्याकडे ही बैठक स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून होते. बाबांचं मत ठरलेलं असतं, उकाडा आहे म्हणून सुस्तावलाय. भावाला वाटतं, रात्री गच्चीवर मारामारी करून आलाय. शेजारच्या काकू दारातून डोकावतात आणि ओवा सुचवतात. कुठल्याही प्राण्याच्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे ओवाच आहे. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो बंड्या, आमचा पिवळा बोका, फ्रिजवर सगळ्यांकडे पाठ करून बसलेला असतो. शेवटी ठराव मंजूर होतो: 'उद्यापर्यंत बघू.'

पुष्कळदा तो ठराव बरोबरही असतो. मांजर एखाद्या दिवशी केसांचा गोळा ओकतं आणि तासाभरात दुधाच्या पातेल्याभोवती घोटाळायला लागतं. पण काही दुखणी अशी असतात की त्यांना 'उद्या' परवडत नाही. पंचाईत ही की दोन्ही वेळा मांजर दिसायला सारखंच दिसतं.

नाक ओलं म्हणजे तब्येत ठणठणीत, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. मला वाटतं, हे ज्ञान गोठ्यातून घरात आलं असावं. आमचे आजोबा सकाळी उठले की आधी बैलाच्या नाकपुडीवर हात फिरवायचे, मग कान धरून गार आहे की गरम ते बघायचे, आणि रवंथ चालू दिसलं की मगच चहाला यायचे. बैलाच्या बाबतीत ते चोख होतं. धडधाकट गुराची नाकपुडी कायम ओलसर असते, ताप आला की कोरडी पडते. कुत्र्याचं नाक मात्र नुसतं झोपून उठलं तरी कोरडं असतं, आणि तापातही ओलं राहू शकतं. अंग गरम लागलं म्हणूनही घाबरायला नको. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. आपल्या हाताला तो रोजच तापलेला लागणार.

त्यापेक्षा ओठ वर करून हिरड्या बघाव्यात. गुलाबी असल्या तर बैठक चालू ठेवायला हरकत नाही. पांढऱ्याफटक, निळसर किंवा पिवळ्या दिसल्या तर चपला घालाव्यात. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात कुत्र्याचं रक्त कमी होतं, ते आधी हिरड्यांवरच दिसतं. (काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मजातच काळ्या असतात; त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.)

कुत्रा निदान कण्हतो तरी. मांजर शिकारी असलं तरी स्वतःही कुणाची तरी शिकार होऊ शकतं, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. घुरघुरतंय म्हणजे खूश आहे, असंही नाही. वेदना होत असतानाही ते घुरघुरतं. कॅनडातल्या माँट्रियाल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टीच प्रसिद्ध केली. कान, डोळे, मुस्कटाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकाला ० ते २ गुण. आईची पट्टी याहून सोपी आहे: बोंबील. कोळीण दारात आली की बंड्या जिन्यापर्यंत धावतो आणि बोंबील साफ होईपर्यंत मोरीच्या उंबऱ्यावरून हलत नाही. ज्या दिवशी तो आला नाही, त्या दिवशी तो आजारी, बाकी कुणी काहीही म्हणो. मला ही पट्टी अजिबात हसण्यासारखी वाटत नाही. लक्षणांच्या याद्या कुठेही मिळतात. पण आपलं जनावर रोज कसं वागतं, हे घरातल्या माणसाशिवाय कुणालाही माहीत नसतं.

मागच्या हिवाळ्यात हे पुरतं पटलं. बंड्या त्याच्या मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, उकरायचा, बाहेर यायचा, पुन्हा जायचा. काकूंनी बद्धकोष्ठ ठरवून टाकलं. आईने मात्र गुडघे टेकून माती चाळून बघितली आणि म्हणाली, "सकाळपासून बसतोय, पण माती कोरडी आहे. याला लघवीच होत नाहीये. टोपली काढा." डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. मूत्राशय मोसंब्यासारखं टणक झालं होतं. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, त्यात खड्यांचा चुरा आणि चिकट स्राव अडकला की लघवी तुंबते. मग मूत्रपिंडं दमतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचा ठोका चुकायला लागतो. हे सगळं एक-दोन दिवसांत होतं. म्हणजे 'उद्यापर्यंत बघू' इतक्याच वेळात.

मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं, किंवा कुत्र्याचं पोट फुगलं आणि त्याला नुसते उमासे येताहेत पण बाहेर काहीच पडत नाही, तरीही तसंच निघायचं. आणि घरातलं औषधाचं कपाट उघडायचं नाही. आपण डोकं दुखलं की घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ती पचवायची सोय त्याच्या यकृतात नाही.

आणखी एक वाक्य मला खटकतं: 'आता वय झालं त्याचं.' म्हातारं मांजर कपाटावर उडी मारत नाही, कारण सांधे दुखतात, आणि त्यावर औषध असतं. सारखं पाणी पितं, ते मूत्रपिंडामुळे किंवा मधुमेहामुळे असू शकतं. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन उतरलं तर डोळ्याला दिसतही नाही, पण साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरावेत तितकं ते असतं.

दवाखान्यातली गंमत वेगळीच. घरी तीन पायांवर चालणारा कुत्रा तिथे पोचला की चारी पायांवर ऐटीत उभा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात एके काळी गाड्या ओढणारे बैल आणि घोडे यायचे. त्याच आवारात १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आता तिथल्या रांगेत टोपल्यांमधली मांजरं असतात आणि मालक एकमेकांना सांगत असतात, 'घरी बघायला हवं होतंत हो तुम्ही याला.' म्हणून आता आम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढून नेतो. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आई त्याच्याही पुढे गेलीय. बंड्या किती जेवला, कधी ओकला, ते ती भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवते, दुधाच्या हिशेबाशेजारी. परवा तिने ते पानच फाडून डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून एकेक चौकोन वाचला आणि गंभीरपणे विचारलं, "बारा तारखेला 'गॅस' लिहिलंय. पोट फुगलं होतं का?"

"नाही हो," आई म्हणाली, "सिलिंडर आला होता."