रात्री दहानंतरची तयारी

दुकानातून तंबू आणला की त्याच्याबरोबर एका छोट्या पिशवीत खुंट्या येतात. ॲल्युमिनियमच्या, हलक्याफुलक्या, करंगळीएवढ्याही जाड नसलेल्या. त्या करणाऱ्याने सातारा जिल्ह्यातला डोंगर पाहिलेला नाही हे उघड आहे. आमच्याकडे पठारावर गेलं की वर जेमतेम वीतभर माती आणि खाली जांभा. त्यात खुंटी शिरत नाही, नुसती वाकते. मग तंबूच्या दोऱ्या दगडांना बांधायच्या. दगड मोठा घ्यायचा आणि दोरी त्याच्या बुडाशी आवळायची. आमच्या गावाकडच्या दिराला हे सांगावं लागलं नाही. खुंट्यांची पिशवी हातात तोलून तो म्हणाला, "वहिनी, ह्याला शेळी तरी थांबंल का?"

झालंय असं की पुण्याच्या भाचीने आमची तिकिटं काढली आहेत. जानेवारीतला शनिवार-रविवार, कास ओलांडून खाली बामणोलीच्या अंगाला, शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याच्या, काठावर दोन दिवस गाणीबजावणी, मुक्काम तंबूत आणि तंबू ज्याचा त्याने आणायचा. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पैसे देऊन भुईवर झोपायचं?" याला उत्तर नाही. मी यादी करायला बसले.

यादीत पहिला वाद थंडीवरून झाला. भाचीकडे स्लीपिंग बॅग आहे. तिच्यावर अमुक अंशापर्यंत चालेल असे आकडे छापलेत आणि तिचा त्या आकड्यांवर गाढ विश्वास. पण थंडी वरून येते त्यापेक्षा जास्त खालून येते. अंगाखाली आलेली बॅग दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मग ती चादरीइतकीच कामाची. खाली फोमची चटई हवी, किंवा आमच्याकडे आहे तशी माणदेशी घोंगडी. घोंगडी टोचते, तिला वास येतो, पण लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. धरणाच्या काठावर हे फार महत्त्वाचं, कारण पहाटे तिथे सगळं दवाने ओलं होतं. तंबूच्या आतूनसुद्धा. थंडी वाजते म्हणून लोक चेन वरपर्यंत ओढून तंबू गच्च बंद करतात. मग रात्रभराच्या श्वासातली वाफ गार कापडावर साचते आणि पहाटे कपाळावर थेंब पडतो. तेव्हा तंबू गळतोय म्हणून दुकानदाराला शिव्या घालण्यात अर्थ नाही. झरोका उघडा ठेवायचा आणि कानटोपी घालायची.

खाण्याचं फारसं सांगण्यासारखं नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, कंदी पेढे. घाटाखाली रेंजचा भरवसा नाही, म्हणून सुटे पैसे. बॅटरी डोक्याला बांधायची, म्हणजे हात मोकळे राहतात.

तंबू कुठे लावायचा, हा मात्र मला सगळ्यात रंगलेला विषय. भाचीचं म्हणणं, मंचापासून लांब, पाण्याच्या पलीकडच्या काठाला लावू, तिथे शांत झोप लागेल. तिला पाण्याचा स्वभाव माहीत नाही. रात्री वारा पडला की पाण्यालगतची हवा गार होते आणि वरची त्यामानाने उबदार राहते. आवाज मग वर निसटून जात नाही, वळून पुन्हा खाली येतो. बामणोलीच्या नावाड्यांना हे न शिकता ठाऊक असतं. रात्री पलीकडच्या काठावरून हाक मारली तरी इकडे ऐकू येते. तेव्हा मंचाच्या समोर, पाण्यापलीकडे झोपणं म्हणजे पहिल्या रांगेत झोपणं. त्यापेक्षा मंच जवळ असला तरी मध्ये एखादी टेकाडाची आड शोधावी. ढोलाचा खर्ज तर कापडाला जुमानतच नाही. कानात घालायचे फोमचे बोळे मी घेतले आहेत. ते चिमटीत वळून बारीक करून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर उपयोग शून्य.

अर्थात लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, तेव्हापासून उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा नाही. वर्षातले मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, तेवढंच. मैफलींचे दर्दी लोक या नियमावर हळहळतात. आमचे सासरेही हळहळायचे. गायक अंतुबुवा जोशींनी १९४० साली आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ सातारा जिल्ह्यातल्या औंधला संगीत महोत्सव सुरू केला. सासरे तिथे घोंगडी आणि दशम्या घेऊनच जायचे; मुक्काम कुठे, हा प्रश्न त्यांना पडत नसे. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मैफली होतात, तिकडेही ते तसेच जायचे. पहाटेचे राग पहाटेच ऐकायचे, हा त्यांचा हट्ट. तो मला पटतो. पण बामणोलीला दहाची वेळ मला बरी वाटते. पाण्याला लागून कोयनेचं अभयारण्य आहे, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथल्या गव्यांनी तिकिटं काढलेली नाहीत.

आणि खरं सांगायचं तर माझी सगळी तयारी दहानंतरची आहे. मंचावर कोण येणार आहेत त्यातली निम्मी नावं मला कळत नाहीत. दहा वाजता वायरी गुंडाळल्या की गाणं तंबूंच्या हाती येतं, तिथे माझा हिशेब आहे. पण वाद्य कुठलं न्यायचं? पेटी जड. गिटार भाचीची मैत्रीण आणणार आहे. गारठ्यात तिच्या तारा सारख्या बेसूर होतील आणि अर्धा वेळ कान पिळण्यात जाईल. ढोलकीची शाई दवाने बसेल. दीर म्हणतो हलगी न्या. हलगी दमट झाली की जाळाजवळ शेकायची, कातडं ताणलं की पुन्हा कडकडीत. शिवाय ती काखेत बसते. फक्त ती हळू वाजत नाही, आणि शेजारच्या तंबूतल्यांनी कानात बोळे घातले असतील याची खात्री नाही. मी डिमडी घेतली आहे, ती लहान आणि हळू वाजते.

मोठी अडचण वेगळीच आहे. आपल्यातल्या कुणालाही कुठल्याही गाण्याचा दुसरा अंतरा येत नाही. मुखडा सगळे छाती काढून म्हणतात, पहिला अंतरा निम्मे, आणि मग ला-ला-ला. घरी असताना मोबाईलवर शब्द काढता येतात, तिथे रेंज नाही. म्हणून मी वही केली आहे: भावगीतं, दोन-तीन लावण्या, जुनी हिंदी, आणि भाचीने पाठवलेलं एक इंग्रजी गाणं देवनागरीत. गवळणीपाशी अडले, कारण तिसऱ्या कडव्यात दोन ओळी कुणालाच सापडेनात. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी त्या म्हटल्या, पुढचं कडवंही म्हटलं, आणि माझी चाल चुकते हेही सांगितलं. भजनी मंडळात त्यांचा जन्म गेलाय.

"तुम्ही येता का?" मी विचारलं.

त्यांनी लगेच अटी घातल्या. चहा स्वतःच्या हातचा लागेल, आणि गुडघ्यांमुळे रांगत आत-बाहेर करणं जमणार नाही. आता आमच्या तंबूच्या खोक्यावर तिघांचा असं छापलंय, पण सामानासकट तो दोघींचाच आहे, आणि दार गुडघ्याएवढं. उभं राहून आत शिरता येईल असा तंबू भाड्याने मिळतो म्हणे. उद्या साताऱ्यात पोवई नाक्याकडे चौकशी करायची आहे, आणि त्यांच्यासाठी एक घडीची खुर्चीही बघायची आहे, हात टेकायला दांडे असलेली.