फॉर्म्युला एक, साखरा तीन

ग्लुकोजचा फॉर्म्युला सगळ्यांना पाठ, सी६एच१२ओ६, पेपरात लिहिला, मार्क मिळाले, विषय संपला. पण फ्रुक्टोजचा फॉर्म्युलाही हाच आहे, आणि गॅलॅक्टोजचाही हाच. रेणुभार तिघांचा १८०, वजनाने कार्बन तिघांतही ४० टक्के. (हे ४० टक्के तर ॲसेटिक ॲसिडमध्येही भरतात, आणि त्याला कोणी गोड म्हणत नाही.) त्यामुळे नुसती अणूंची मोजदाद करून साखर कळत नाही असं माझं मत आहे, खरी भानगड जोडणीत आहे.

ग्लुकोजच्या साखळीत डबल बाँडवाला ऑक्सिजन पहिल्याच कार्बनवर असतो, फ्रुक्टोजमध्ये तो दुसऱ्यावर, आणि फ्रुक्टोज लागतो बराच जास्त गोड. गॅलॅक्टोजचं तर अजून भारी, ग्लुकोजशेजारी काढून बघा, सगळं सेम टू सेम, फक्त ४ नंबरच्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) उलट्या बाजूला. बस्स एवढंच! पण शरीराला तेवढंही चालत नाही, गॅलॅक्टोजसाठी वेगळी एन्झाइम्स लागतात आणि त्यातलं एखादं जन्मापासून नसेल तर बाळाला आईचं दूधसुद्धा सोसत नाही, कारण दुधातला लॅक्टोज फुटला की निम्मा गॅलॅक्टोजच निघतो.

आता ग्लुकोजच्या साखळीत असे ४ कार्बन आहेत जिथे ओएच डावीकडे किंवा उजवीकडे बसू शकतो, म्हणजे एकूण १६ शक्यता. त्यातला ग्लुकोज नेमका कुठला हे एमिल फिशर या जर्मन केमिस्टने १८९१ मध्ये लावलं, तेव्हा एक्सरेचा शोधही लागला नव्हता, नुसत्या रिॲक्शन करायच्या आणि डोकं लढवायचं. मात्र ग्लुकोजच्या एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी खरं कुठलं हे ठरवायला त्याच्याकडे मार्गच नव्हता, मग एक धरून चालला, आणि १९५१ मध्ये एक्सरेने तपासलं तर तेच बरोबर निघालं. नशीबही लागतं राव.

आणि पुस्तकातली ती सरळ साखळी पाण्यात जवळपास नसतेच, १ टक्कासुद्धा नाही. ५ नंबरच्या कार्बनवरचा ऑक्सिजन वळून पहिल्या कार्बनला धरतो आणि सहा कोनांची रिंग होते, तिच्यात पहिल्या कार्बनवरचा ओएच खाली गेला तर अल्फा, वर गेला तर बीटा. अल्फावाले एकमेकांना जोडत गेलं की स्टार्च, बीटावाले जोडले की सेल्युलोज, म्हणजे धान्य आणि कापूस दोन्ही ग्लुकोजचेच, पण कापूस आपल्याला पचत नाही कारण सेल्युलोजमधला हा बीटा जोड तोडणारं एन्झाइम आपण बनवतच नाही.