क्रियापदांची चित्रकार्डं: स्वयंपाकघर संच, दुसरी छपाई

स्थिती: 8 क्रियापदं, 22 कार्डं, लॅमिनेशन पूर्ण. सोलणे, चिरणे, किसणे, मळणे, लाटणे, थापणे, निवडणे यांची प्रत्येकी 3 आणि खवणेचं 1. वय 3 ते 5.

पहिली छपाई बाद केली ती फोटोंमुळे. किसणीवरचं गाजर दाखवून ‘काय चाललंय?’ विचारलं की उत्तर येतं, ‘गाजर!’ चित्रात सगळ्यांत ठळक वस्तू तीच, म्हणून मूल तिचंच नाव घेतं. उपाय सोपा आणि फार गुणाचा: गाजर तेच, ताट तेच, हात तेच, फक्त काम वेगळं. सोलणे, चिरणे, किसणे ही तीन कार्डं शेजारी ठेवली की फरक सांगायला क्रियापदच लागतं. मग उलटं करायचं. सोलणे गाजराशीच चिकटू नये म्हणून केळं आणि मटार. थापणेसाठी भाकरी, थालीपीठ आणि चक्क गोवरी. खवणे मात्र ओल्या नारळापुरतंच. त्याच्या शेजारी सुकं खोबरं किसतानाचं कार्ड हवंच.

फोटोत हात दिसलाच पाहिजे, काम अर्धं झालेलं असावं. पूर्ण किसलेलं गाजर म्हणजे नुसता कीस. शब्द मागच्या बाजूला, मोठ्यांसाठी.

कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम), म्हणजे जाड. पातळ कागदातून चित्र मागे दिसतं आणि जोड्यांचा खेळ फुकट जातो. कार्ड 98×68 मिमी, ए4 पाऊचमध्ये 8 बसतात. आधी कापा, मग लॅमिनेट करा, भोवती 3 मिमी प्लॅस्टिक राखा. कडेला लागून कापलं तर लाळेनं थर सुटतात. इंकजेटची छपाई रात्रभर वाळू द्या, नाहीतर आत धुरकट डाग येतात. कोपरे गोल करा.

खेळ: ओळखीची 4 कार्डं आणि नवी 2. रुमाल टाकून एक काढायचं, ‘काय गेलं?’ तिन्ही गाजराचीच कार्डं असली की ‘गाजर’ म्हणून सुटका नाही. उत्तर सांगण्याआधी मनात पाच आकडे मोजा. आठवायला तेवढा वेळ लागतो. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. जोड्या लावायला प्रत्येक कार्डाची दुसरी प्रत लागते. तीन वर्षांच्या मुलाला 4 जोड्या पुरे.

बाकी: पाखडणे. एका फोटोत सूप नुसतं धरल्यासारखं दिसतं. दाणे सुपात आणि दाणे हवेत, अशा दोन चौकटी एकाच कार्डावर घेऊन पुढची छपाई.