थेंब तळाशी जायला हवा होता

मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या विभागात रक्तदान शिबिर होतं. माझी पहिलीच वेळ. वजन ४८ किलो भरलं, किमान ४५ लागतं, म्हणजे तिथवर ठीक होतं. मग ताईंनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. ते मोरचुदाचं द्रावण. मी एम.एस्सी. केमिस्ट्रीची, त्यामुळे बघताक्षणी ओळखलं. हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याच्या वर असेल तर थेंब तळाशी जातो. माझा थोडा खाली गेला, थबकला आणि हळूहळू वर आला.

"रक्त कमी आहे गं तुझं. आधी तपासून घे," ताई म्हणाल्या.

मला ते पटेचना. मी रोज पहाटे साडेपाचला उठून वेताळ टेकडीवर जात होते. होस्टेलमध्ये सगळ्यात जास्त व्यायाम करणारी मीच. चढताना धाप लागायची, जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी यायची, केसांचे पुंजके हातात यायचे. मी समजायचे, स्टॅमिना कमी आहे, आणखी पळायला हवं.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.४. बाईंसाठी १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. डॉक्टर मॅडमनी पाळीत रक्तस्राव किती होतो ते विचारलं आणि मग म्हणाल्या, "काल दिवसभरात काय खाल्लंस ते सांग."

सांगताना मलाच ऐकवेना. टेकडीवरून आल्यावर चहा, दोन बिस्किटं. दुपारी मेसमध्ये दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण. त्यावर पुन्हा चहा. रात्री काही नाही. वजन वाढू नये आणि पैसेही वाचावेत म्हणून मी रात्रीचे खाडे टाकत होते. आमच्या मेसला नाश्ता नसतो आणि रविवारी रात्री सुट्टी असते, हे पुण्यात शिकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

"पळतेस ते चांगलंच आहे," मॅडम म्हणाल्या, "पण पोटात काही नसताना पळून अंगात काय राहणार?"

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर. गोळीच्या आणि जेवणाच्या आसपास चहा अजिबात नाही, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस, हेही त्यांनी आधीच सांगितलं. ते बरं झालं, नाहीतर मी चौथ्या दिवशी गोळ्या सोडल्या असत्या. पळणं महिनाभर बंद, फक्त चालायचं.

जेवण बदलणं मात्र गोळीइतकं सोपं नव्हतं. खोलीत शेगडी चालत नाही. मग मटकी भिजवायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधून खिडकीच्या दांडीला टांगायची. दुसऱ्या दिवशी फडक्यातून पांढरे मोड बाहेर डोकावायचे. त्यावर कांदा, मीठ, लिंबू. बरोबर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. संध्याकाळी बुर्जीच्या गाडीवरून दोन उकडलेली अंडी. मेसच्या काकूंना खरं काय ते सांगितलं, तर त्या मेथी-पालक असेल त्या दिवशी न मागता वाटीभर जास्त वाढायला लागल्या. परभणीहून आईने अळिवाचे लाडू पाठवले. फोनवर मात्र म्हणाली, "चक्कर तर मलाही येते, बायकांना असतंच ते." मी तिलाही तपासायला लावलं. तिचं ८.९ निघालं. त्या रात्री मला झोप आली नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमियाच्या आढळल्या. आमच्या मजल्यावर तीन मैत्रिणींनी तपासून घेतलं, तिघींचंही १२ च्या खाली. त्यातली एक जिमला जाते, रोज तासभर, आणि सोमवार-गुरुवार उपास करते. उपासाला साबुदाणा, म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. श्रद्धेबद्दल मी काही बोलत नाही, पण त्या दिवशी जिम नको आणि ताटात राजगिरा, दाणे, दही हवं, हे तिला मी भांडून सांगितलं.

पाचव्या महिन्यात माझं १२.१ झालं. मॅडमनी गोळ्या बंद केल्या नाहीत. शरीरातला साठा भरायला अजून तीन महिने घ्यायच्या आहेत. आता सकाळी आधी केळं आणि दाणे, मग टेकडी. आठवड्यातून चार दिवस. मधल्या उतारावर बसावं लागत नाही.

रक्तदानाला अजून ०.४ कमी आहे. आईचं मागच्या आठवड्यात १०.६ आलं.